ज्याची त्याची आकडी

मूल बिस्किट चावू लागलं की ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या, पडद्यावर बऱ्याच रेघा एकदम काळ्याभोर होऊन थरथरतात. ती जबड्याच्या स्नायूंची वीज. आकडीतही रेघा अशाच खवळतात. माणसाचा सरावलेला डोळा फरक ओळखतो, पण दिवसरात्र चाललेल्या नोंदीपुढे तो डोळा किती वेळ बसणार?

मॉन्ट्रियलच्या जाँ गॉटमन यांनी १९८२मध्ये आकडी आपोआप ओळखण्याची पद्धत मांडली. ती सगळ्यांना एकाच मापाने मोजणारी होती. अडचण अशी की एकाच्या मेंदूत जी लय आकडीची, तीच दुसऱ्याच्या मेंदूत नेहमीची असू शकते. उलट, एकाच रुग्णाच्या आकड्या बहुधा एकमेकींसारख्या असतात.

एमआयटीतले अली शोएब आणि जॉन गुटॅग यांनी हेच सूत्र धरलं. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात, औषधांना दाद न देणाऱ्या आकड्यांमुळे शस्त्रक्रियेचा विचार चाललेल्या मुलांची औषधं थांबवून त्यांच्या मेंदूची नोंद घेतली होती. प्रत्येक इलेक्ट्रोडची सेकंदाला २५६ मापं. त्यांचं यंत्र या नोंदीचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडतं, कोणत्या जागी कोणत्या गतीच्या लहरींना किती जोर आहे ते पाहतं आणि त्या मुलाच्या आधीच्या आकड्यांशी ताडून बघतं. बिस्किट खाण्याच्या वेळची नोंदही ‘ही आकडी नव्हे’ म्हणून त्याला शिकवता येते. २०१०मध्ये निकाल आला: २४ रुग्ण, ९१६ तास, १७३ आकड्या. त्यांतल्या ९६ टक्के पकडल्या, त्याही साधारण तीन सेकंदांत. खोटे इशारे दिवसाला सुमारे दोन.

मला यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्री दोनदा विनाकारण दचकून उठलेली आई चौथ्या दिवशी यंत्र बंद करेल. बॉस्टनच्या त्या मुलांच्या नोंदी, नावं काढून, जगाला मोफत खुल्या केल्या गेल्या. आज नवी पद्धत काढणारे कित्येक जण आधी त्यांवरच ती पारखून घेतात. त्या मुलांचं हे ऋण मोठं आहे.

यंत्र राहिलं दूर, आपल्याकडे अजूनही आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरतात. कृपा करून तसं करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.