नेमस्त मतदार घराबाहेर कसा पडतो?

जहाल आणि मवाळ हे शब्द निघाले की आपल्याला 1907 सालची सुरतेची काँग्रेस आठवते. मवाळांना त्या काळी 'नेमस्त' असेही म्हणत, आणि मला तो शब्द अधिक आवडतो. नेमस्त मनुष्य प्रत्येक गावात असतो. तो घरपट्टी वेळेवर भरतो, मुलांच्या शाळेची काळजी वाहतो, सभेला जात नाही. आणि मतदानाच्या दिवशी पुष्कळदा घरीच बसतो. मग गावाचा कारभार मोजक्या उत्साही मंडळींच्या हाती जातो. अशा मतदाराला घराबाहेर काढणे किती अवघड आणि तरी शक्य आहे, हे अलीकडे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात दिसले.

तेथे महापौर नगरसेवक निवडत नाहीत, थेट मतदार निवडतात. शहर बव्हंशी डेमोक्रॅटिक पक्षाचे. म्हणून झुंज एकाच घरातल्या दोन भावांची. एक प्रोग्रेसिव्ह, दुसरा मॉडरेट, म्हणजे आपला नेमस्त. पोलीस, घरबांधणी, शाळा आणि रस्त्यावर उघड चालणारी नशाबाजी हे भांडणाचे विषय.

नेमस्तांची झोप प्रथम मोडली ती शाळेच्या प्रश्नाने. कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या. मुले घरात कोंडलेली असताना जानेवारी 2021 मध्ये शाळा मंडळाने 44 शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला. पाठोपाठ लोवेल या नामांकित शाळेतील गुणांवर मिळणारा प्रवेश बंद करण्याचे ठरले. टक्क्यांच्या चिंतेने ज्यांच्या घरी रात्री दिवा जळतो, त्या वाचकांना पालकांचा संताप समजावून सांगायला नको. पालक सह्या गोळा करू लागले. चिनी वंशाची कुटुंबे त्यात हिरिरीने उतरली. फेब्रुवारी 2022 मध्ये मंडळाच्या तीन सभासदांना मतदारांनी घरी पाठवले. जूनमध्ये जिल्हा सरकारी वकील चेसा बूडिन यांचीही तीच गत झाली.

दुसरी गोष्ट पंचांगाची. 2019 सालची महापौराची निवडणूक आडवर्षी झाली. मतदान सुमारे 42 टक्के. नोव्हेंबर 2022 मध्ये मतदारांनी ही निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर घेण्याचे मान्य केले, आणि 2024 मध्ये मतदान सुमारे 79 टक्क्यांवर गेले. जो मनुष्य एका मतासाठी उठत नव्हता, तो दोन मतांसाठी उठला! गंमत अशी की, हा बदल सुचवला प्रोग्रेसिव्हांनी आणि विरोध केला नेमस्त गटाच्या महापौर लंडन ब्रीड यांनी.

तिसरी गोष्ट मतपत्रिकेची. 2004 पासून तेथे मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला मिळतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला शिव्या देणे महाग पडते. उद्या त्याच्याच मतदाराची दुसरी पसंती हवी असते. शेजारधर्म सांभाळणाऱ्याला ही पद्धत मानवते. पूर्वी कधीही निवडून न आलेले डॅनियल लुरी यांनी शेवटच्या फेरीत सुमारे 55 टक्के मते मिळवून ब्रीड यांचा पराभव केला.

येथवरची कथा गोड आहे; कडू घोटही सांगितला पाहिजे. लुरी हे लेव्हाय स्ट्रॉस कापड-घराण्याचे वारस. स्वतःच्या प्रचारात त्यांनी पदरचे 80 लाखांहून अधिक डॉलर ओतले. इतरही धनिकांनी नेमस्त संघटनांना हात सैल सोडून पैसा पुरवला. तेव्हा प्रश्न उरतोच: जागा झालेला आवाज मतदाराचा की तिजोरीचा?

उत्तराचा थोडा भाग त्याच दिवसाच्या मतपेटीत सापडतो. महापौराचे अधिकार वाढवावेत आणि शहराच्या समित्या सुमारे निम्म्यावर आणाव्यात, असा 'डी' ठराव नेमस्त संघटनेनेच आणला होता. त्यावर लक्षावधी डॉलर खर्च झाले. मतदारांनी महापौर बदलला, पण हा ठराव नाकारला. पैशाने दार ठोठावता येते. आत बसलेल्याने काय उत्तर द्यावे, हे मात्र त्याच्याच हाती राहते.

सौम्य वृत्ती हा गुण आहे, गैरहजेरी नव्हे. ज्याला शाळा नीट हवी, रस्ता स्वच्छ हवा आणि शब्द संयमाचे हवेत, त्याने आधी यादीतले आपले नाव पाहावे, आणि मतदानाच्या सुटीत गावाला जाण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलावा.