घर हीच पहिली शाळा

मूल बोलायला शिकते ते ऐकून. आईच्या पोटात असतानाच तिचा आवाज त्याच्या कानी पडू लागतो. पुढे वर्षभर शब्द ऐकल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द उमटतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकापर्यंत मात्र हे शब्द पोहोचत नाहीत. त्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो. उणीव असते ती भाषेच्या सहवासाची.

श्रवणदोष डोळ्यांना दिसत नाही. कर्णबधिर बालकही पहिले काही महिने हसते, हुंकार देते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ‘काही मुले उशिराच बोलतात’ अशी समजूत घालण्यात मोलाचा काळ निघून जातो. वास्तविक नवजात बालकाची श्रवणचाचणी ते झोपलेले असताना, कोणतीही वेदना न होता करता येते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, असा क्रम तज्ज्ञ सुचवतात. कारण भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः बधिरतेचा समावेश आहे.

श्रवणयंत्र बसवले म्हणजे काम संपले, असे नव्हे. यंत्र आवाज मोठा करते. त्या आवाजाला अर्थ लाभतो तो माणसांच्या सहवासात. तज्ज्ञांची भेट आठवड्यातून एखादा तास होते, उरलेला वेळ मूल घरीच असते. म्हणून आंघोळ घालताना, भाजी निवडताना, पोळ्या लाटताना त्याच्याशी बोलावे. आपला चेहरा त्याला उजेडात दिसावा, दूरचित्रवाणी बंद असावी. एकेक वाक्य बोलून त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी. ज्यांना यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही परिपूर्ण भाषा आहे. तीही घरच्यांनी लवकर शिकावी.

घराचे हे सामर्थ्य लुईस ट्रेसी या अमेरिकन मातेने ओळखले होते. त्यांचा मुलगा कर्णबधिर होता. त्यांनी १९४२ साली लॉस एंजेलिस येथे अशा मुलांच्या पालकांसाठी केंद्र स्थापन केले आणि दूरच्या पालकांना टपालाने विनामूल्य धडे पाठवण्याची सोय केली. हे धडे मुलांसाठी नव्हते, आईवडिलांसाठी होते. घरातील माणसे शिकली, की बालकाचे शिक्षण आपोआप सुरू होते. त्यासाठी शाळेच्या वयाची वाट पाहणे योग्य नव्हे.