पेन्सिलीचं वर्तुळ

उटनूरच्या बसस्टँडवरून मशीनचा मिस्त्री आतल्या गल्लीत वळतो. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, घासाघीस मराठीत, मध्येच गोंडी आणि लमाणी. मे महिना. या बाजूला पारा ४५ अंशांना टेकतो. कुत्री नालीच्या कडेच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेली.

गल्लीच्या टोकाला घर, घराला लागून पत्र्याचं शेड. आत पाऊल टाकण्याआधीच वास येतो. ताज्या सागाचा, थोडा तेलकट, थोडा चामड्यासारखा. भिंतीला टेकून दारांच्या फळ्या उभ्या. निर्मळच्या खेळण्यांना पोनिकीचं हलकं, मऊ लाकूड लागतं. इथे दार म्हणजे सागच.

बाकावर तिघं बसलेले. एकाला लग्नघराच्या दारावर मोर हवा आहे. दुसऱ्याला देव्हाऱ्याच्या कमानीवर बालाजी. तिसरा नुसता पंख्याखाली बसायला आलाय, पण पंखाच बंद आहे. मशीन बंद, म्हणून सगळंच बंद.

मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर लाकूड कोरणारी, लोखंडी टेबलावरची चार फूट बाय दोन फुटांची चौकट. हैदराबादेहून आणलेली, सेकंडहँड. पाटावर आधीच्या मालकाच्या खुणा आहेत. अर्धं कमळ, कुणाच्या तरी नावातली दोन अक्षरं, कोरणारं बिट खोल घुसल्याचा एक काळा खड्डा. मशीन विकताना पाट बदलायचं कुणाला सुचलं नसावं.

तक्रारी दोन. गोल काढला की गोल येत नाही. आणि काम चालू असताना मशीन मधेच थांबतं.

मिस्त्री आधी प्लग काढून ठेवतो. मग बसून राहतो.

“काढा नं खोलून,” मोरवाला म्हणतो.

“थांबा भाऊ. आत करंट साठलेला असतो. दहा मिनिटं जाऊ द्या.”

बिट फिरवतो तो स्पिंडल. त्याचा ड्राइव्ह प्लग काढल्यावरही काही मिनिटं वीज धरून ठेवतो. दहा मिनिटं जातात. घामाचा एक थेंब मिस्त्रीच्या नाकावरून पाटावर पडतो. घरातून माय पाण्याचा तांब्या आणून ठेवते.

मग झाकण निघतं. आत भुसा. सर्किटवर, पंख्यात, तारांच्या बगलेत पिठासारखा बसलेला. मालकाचा पोरगा हवेचा पाइप घेऊन धावत येतो. मिस्त्री हात आडवा करतो. हवा मारली की भुसा उडतो आणि थेट बेअरिंगमध्ये शिरतो. ब्रश घ्यायचा, नाही तर ओढून घेणारा व्हॅक्यूम. रेलवर जुनं ग्रीस आणि सागाचा भुसा मिळून काळा मलम झालाय. चिंधी एकदा फिरली की काळी, दुसऱ्यांदा तपकिरी, पाचव्यांदा कुठे लोखंड चमकतं. मग रेलवर तेलाचं बोट, बॉलस्क्रूच्या नटात नवं ग्रीस.

स्पिंडल हाताने फिरवतो. कान जवळ नेतो. शेडमध्ये सगळे गप्प. चालू असताना हा मिनिटाला २४,००० फेरे घेतो. आत्ता सावकाश, जात्यासारखा.

“बेअरिंग चांगलं आहे. बिट मात्र गेलं.”

बिटची धार नखावर घासून दाखवतो. नख सोललं जात नाही. सागात रेतीतली सिलिका असते, ती पोलादाचीही धार खाते.

आता पेन्सिल. कानावरची काढून तो ती टेपने स्पिंडलला बांधतो. पाटावर कागद चिकटवतो. प्लग लावतो, स्पिंडल बंदच ठेवतो आणि १०० मिलिमीटर व्यासाचा गोल काढायला सांगतो. मोटारी गुणगुणतात. बाकावरचे तिघं उठून जवळ येतात. पेन्सिल निघाली तिथे परत येऊन थांबते.

लांबून गोलच दिसतो. जवळून पाहिला की डाव्या-उजव्या अंगाला रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरळ झालेली. व्हर्निअर लावतो. उभा १००. आडवा ९९.६.

“दिशा बदलताना दम खाऊन राहिलं हे.”

मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावलं. ड्राइव्हर प्रत्येकाचे आठ भाग करतो, म्हणजे १,६००. तेवढ्यात स्क्रू ५ मिलिमीटर सरकतो. मिलिमीटरला ३२० इशारे. कॉम्प्युटर हे इशारे बिनचूक मोजून पाठवतो. पण स्पिंडल धरणारं डोकं खरंच सरकलं का, हे विचारायची सोय या मशीनमध्ये नाही. हुकूम जातो, उत्तर येत नाही. विचारायचं ते पेन्सिलीनेच.

मिस्त्री डायल गेज टेकवतो आणि दोन्ही हातांनी डोकं हलवतो. काटा हलतो. मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर बोट ठेवून पुन्हा हलवतो. बोटाला कळतं. ॲलन की घालतो. बारीक स्क्रू जवळजवळ पूर्ण फेरा फिरतो, मग घट्ट बसतो.

नवा कागद. नवा गोल. उभा १००, आडवा १००ला केसभर कमी. तो केस मिस्त्री सोडून देतो. लाकूड पावसाळ्यात याहून जास्त फुगतं.

दुसऱ्या तक्रारीसाठी तो मशीनकडे बघतच नाही. बाहेर येतो. भिंतीच्या कडेला अर्थिंगचा खड्डा आहे. भोवतीची माती भेगाळलेली. पाईपच्या तोंडात पालापाचोळा.

“पाणी कधी टाकलं होतं?”

मालक पोराकडे बघतो. पोरगा मायकडे.

“तुळशीला रोज टाकते बाप्पा,” माय म्हणते. “याले बी लागते का?”

लागते. कोरड्या मातीत अर्थिंग उतरत नाही. स्पिंडलच्या तारेतला गोंधळ लिमिट स्विचच्या तारेत शिरतो, आणि मशीनला वाटतं आपण काठावर आदळलो. ते बिचारं थांबतं. माय बादली ओतते. माती आवाज करत पाणी पिते. दुसरी बादली. तिसरी.

चार वाजतात. मोराची फळी पाटावर आवळली जाते. बिट बसवण्याआधी कोलेट फुंकून नाही, पुसून घेतला जातो. फळीच्या डाव्या कोपऱ्यात मिस्त्री पेन्सिलीने एक फुली मारतो. मशीनचा शून्य तिथून.

बिट उतरतं. आवाज चढतो. भुसा उडतो, सोनेरी, बारीक. पिसाऱ्याचा पहिला डोळा उमटतो. दुसरा. तिसरा. बाकावर कुणी बसलेलं नाही.

तेवढ्यात पुन्हा सुरू झालेला पंखा मंदावतो. आवाज उतरत जातो. लाइट गेली.

कुणी काही बोलत नाही. मिस्त्री डोकं हाताने वर उचलतो. कुठवर आलो होतो, हे मशीनला आता आठवत नाही. तो फळीवर वाकतो, फुंकर मारतो आणि कोपऱ्यातली फुली आहे का ते बघतो.

आहे.

पेन्सिल परत कानावर जाते. माय चहा टाकायला आत वळते.