गुंठा दिसला, पेरा कळला?

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून तुम्ही कधीतरी गावाकडचं शेत शोधलंच असेल. मग एक प्रश्नही पडला असेल. वरून सगळं दिसतंय, तर सोयाबीनचे ठिपके मोजायचे आणि जिल्ह्याचा पेरा सांगून टाकायचा! सॅम्पलिंगची भानगड कशाला?

सेंटिनल-2 या युरोपीय उपग्रहाचा एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास एक गुंठा. त्यात अर्धा बांध आला किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या, की कॉम्प्युटर गोंधळतो. त्यात खरिपातले ढग! (ढगांपलीकडचं बघायला रडार लागतं, ते सेंटिनल-1 वर आहे.)

आता वही घ्या. समजा, नकाशाने 1 लाख हेक्टर सोयाबीन दाखवलं आणि उरलेलं 4 लाख हेक्टर 'इतर'. दोन्हींतून प्रत्येकी 100 ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तिथे जाऊन पाहिलं. सोयाबीनच्या 100 पैकी 80 ठिकाणी खरंच सोयाबीन निघालं. 'इतर'च्या 100 पैकी 10 ठिकाणीही निघालं! म्हणजे 80 हजार अधिक 40 हजार, एकूण 1 लाख 20 हजार हेक्टर. गंमत बघा, हा नकाशा 88 टक्के अचूक आहे. तरी त्यात 20 हजार हेक्टर गायब! बाजारभाव आणि आयातीची गणितं अशाच आकड्यांवर बसतात, तेव्हा हा फरक शेवटी शेतकऱ्याच्या खिशाला लागतो.

थोड्या जागा नीट निवडून सगळ्याचा अंदाज बांधायचं हे तंत्र उपग्रहांच्या आधीचं आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 मध्ये बंगालमध्ये तागाच्या क्षेत्रासाठी नमुना पाहणी सुरू केली. दिल्लीत 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राला त्यांचंच नाव आहे.

प्रोजेक्ट करायचाय? सेंटिनलची चित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएसही फुकट. रँडम बिंदू तेच काढून देतं. फक्त बिंदू ओढ्यापलीकडे पडला म्हणून गाडी थांबते तिथलं शेत बघून परत येऊ नका. रस्त्याकडेला पाणी असतं, ऊस असतो. आतल्या शिवाराचं चित्र वेगळं असू शकतं. सोयाबीन काढणीला यायच्या आत जा, आणि बांध ओलांडण्याआधी शेतमालकाला विचारा. मागच्या वर्षी तिथे काय होतं, तेही तेच सांगतील.