याप्य व्याधी आणि उंबऱ्याबाहेरचे जग : मज्जारज्जूच्या आघातानंतरचे पुनर्वसन

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पृष्ठभागी चौदा मर्मे वर्णिलेली आहेत. त्यांपैकी कुकुंदर मर्मास आघात झाला असता शरीराच्या अधोभागी स्पर्शज्ञान राहत नाही व हालचाल नष्ट होते, असे आचार्यांनी स्पष्ट नोंदविले आहे. या मर्माचे आजच्या मज्जारज्जूशी सरळ समीकरण मांडण्याची घाई आम्ही करणार नाही. तथापि त्याची गणना वैकल्यकर मर्मांत झाली आहे, ही गोष्ट मननीय आहे. अशा आघाताने मनुष्य जगतो, परंतु वैकल्य घेऊन जगतो. पुढील सारा प्रश्न या जगण्याचा आहे.

कारंजा लाड व भोवतालच्या खेड्यांत हे रुग्ण कसे होतात, ते येथील वैद्यास सांगावयास नको. कठडा नसलेल्या विहिरीत पडणे, शेळ्यांसाठी पाला तोडताना निंबावरून कोसळणे, कापसाच्या भरल्या गाडीवरून तोल जाणे, ट्रॅक्टर उलटणे. दुचाकींचे अपघात तर नित्याचेच; त्यात डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून आपल्या तालुक्यातून भरधाव मोटारींची ये-जा सुरू झाली आहे. काहींना अपघातावाचूनच, कण्याच्या क्षयामुळे वा गाठीमुळे अधरांगघात होतो. तेव्हा पाठदुखीच्या रुग्णास पायांत नव्याने दुर्बलता आली, मूत्र अडले किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली, तर तैल-काढ्यात एक दिवसही न घालवता त्यास मोठ्या रुग्णालयात पाठविणे हे आपले पहिले कर्तव्य होय. कण्याचा क्षय वेळीच ओळखला गेल्यास रुग्ण पुन्हा चालू शकतो.

अपघातस्थळी रुग्णास उठवून बसविण्याची, पाणी पाजण्याची आणि दोघांनी हातापायांस धरून उचलण्याची आपल्याकडील रीत घातक आहे. पृष्ठवंशाच्या भग्नात सुश्रुतांनी कपाटशयन सांगितले, म्हणजे रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने निश्चल बांधणे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत मान व पाठ एका रेषेत ठेवून दाराच्या फळीवर निजवावे, हे गावात सांगताना या आधाराचा उपयोग होतो. आजोबांनाही ते पटते.

परंतु वैद्याकडे हा रुग्ण बहुधा त्या दिवशी येत नाही. तो येतो तीन-चार महिन्यांनी. अकोला, अमरावती किंवा नागपूर येथे शस्त्रक्रिया होऊन तो घरी आलेला असतो, मागील खोलीत खाटेवर असतो, आणि घरच्यांचा एकच प्रश्न असतो : हा चालेल कधी?

या प्रश्नास आपण काय उत्तर देतो, यावर त्या कुटुंबाची पुढील दहा वर्षे अवलंबून असतात. पूर्णतः छिन्न झालेली मज्जारज्जू पुन्हा सांधणारे औषध आज कोणत्याही वैद्यकशास्त्राजवळ नाही; आपल्याजवळही नाही. आघात अपूर्ण असेल तर पहिल्या काही महिन्यांत, क्वचित त्यानंतरही, काही शक्ती परत येते. त्याचे श्रेय जे औषध त्या वेळी चालू असेल त्यास मिळते आणि मग जाहिराती निघतात. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, की ज्यांनी 'खात्रीच्या' उपचारासाठी एक एकर विकले, पुढे दुसरेही विकले, आणि चाकाच्या खुर्चीसाठी मात्र पैसा उरला नाही. आपल्याच व्यवसायातील मंडळी यात आहेत, हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु लिहिणे भाग आहे.

आपल्या शास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे : याप्य. असाध्य म्हणून सोडून द्यावयाचे नाही आणि साध्य म्हणून फसवावयाचेही नाही. पडू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसे याप्य व्याधीत उपचाराचे कार्य असते, असा दृष्टांत सुश्रुतांनीच दिला आहे. टेकू एकदा लावून भागत नाही, तो रोज पाहावा लागतो.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूस जखम झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावले. कारण बहुधा शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग हे असे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी या दोन शत्रूंविरुद्ध जी मोहीम उघडली, तीत चमत्कारिक असे काही नव्हते : दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशय नियमाने रिकामे करणे, आणि रुग्णास शक्य तितक्या लवकर कामाला व खेळाला लावणे. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात भारतास पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले हे जवान उपचाराचा भाग म्हणूनच पोहू लागले होते. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून स्वतंत्र अधरांगघात पुनर्वसन केंद्र आहे. शेतकऱ्याच्या मुलास मात्र घरच हेच केंद्र.

म्हणून घराकडे वळू. चरकाचार्यांच्या चतुष्पादात वैद्य, द्रव्य व रुग्ण यांच्या जोडीस उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा, सांगितला आहे. त्याने उपचार जाणणारा, दक्ष, प्रेमळ व शुचिर्भूत असावे. आपल्याकडे हा चौथा पाद म्हणजे रुग्णाची पत्नी किंवा आई. तिला कोणी काहीच शिकविलेले नसते. खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदलावी, खुर्चीत असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बैठक उचलावी, रोज सकाळ-संध्याकाळ माकडहाड, नितंब, टाचा व घोटे उजेडात पाहावेत, लाल डाग दिसला की त्यावर भार देऊ नये आणि तो चोळूही नये : एवढे तिला नीट शिकविले, तरी निम्मे काम झाले.

मूत्राशयाविषयी आपल्याकडे फार संकोच आहे. दर चार ते सहा तासांनी, साबणाने हात धुऊन, स्वच्छ नळीने मूत्र काढण्याची पद्धती रुग्ण स्वतः आरशाच्या साहाय्याने शिकू शकतो. कायमची नळी ठेवण्यापेक्षा ती बहुधा अधिक सुरक्षित ठरते. लघवीचा त्रास नको म्हणून पाणी तोडणारे रुग्ण आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांना मुतखडा होतो, मग ज्वर, मग वृक्कविकार. पाणी घ्यावे, मात्र दिवसभरात विभागून. एका वेळी साठा साधारण ५०० मिलिलिटरवर जाऊ देऊ नये.

आता आपल्या उपक्रमांविषयी. अभ्यंगाने त्वचा व सांधे चांगले राहतात, ताठरता काही काळ कमी होते आणि स्पर्श करणारे माणूस रोज जवळ येते, हेही थोडे नाही. परंतु एका पोटरीस अचानक सूज आली असेल, तर तेथे मर्दन वर्ज्य. शिरेत गोठलेले रक्त सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. स्वेदनाबाबत अधिकच जपावे. संवेदना नसलेल्या भागी नाडीस्वेद, पत्रपोट्टली वा गरम पाण्याची पिशवी देऊ नये. रुग्ण 'पुरे' म्हणणार नाही, कारण त्यास चटका कळणारच नाही. असे पोळलेले व्रण महिनोन्महिने भरत नाहीत.

बस्तीचेही तसेच. कोठा नियमित ठेवण्यास रोज ठराविक वेळी, भोजनोत्तर मलविसर्जनाची सवय लावणे उत्तम, आणि तीत मात्राबस्तीस स्थान आहे असे आम्हांस वाटते. परंतु छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आघात असलेल्या रुग्णात गुदाशय ताणला जाणे, मूत्राशय तुंबणे किंवा नळी मुडपणे एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होऊन घाम सुटतो, नाडी मंद होते. हे ओळखून उपक्रम तत्काळ थांबवावा, रुग्णास सरळ बसवून पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत, नळी तपासावी, आणि तेवढ्याने न उतरल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. ज्याचा नित्याचा रक्तदाबच कमी असतो, त्याच्यात १४० हा आकडाही भयसूचक असू शकतो.

विदर्भातील उन्हाळ्याचे वेगळे सांगितले पाहिजे. आघात मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असल्यास त्याखाली घाम येत नाही. पारा ४४-४५ अंशांवर गेला, की पत्र्याच्या खोलीतील असा रुग्ण अक्षरशः तापतो आणि घरचे त्यास ज्वर समजून गोधडी घालतात. ओले फडके, वारा, सावली व पाणी हाच तेथे उपचार.

शरीर सावरले, तरी माणूस खोलीतच असतो. नसीमा हुरजूक यांना तरुण वयातच चाकाच्या खुर्चीवर बसावे लागले. स्वतः अधरांगघाताचे रुग्ण असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना वाट दिसली, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन प्रत्येक चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात असावे. त्यांच्या वाटचालीतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते : पहिला धीर त्यांना अशाच दुसऱ्या रुग्णाने दिला. आपल्या तालुक्यातील असे दोन रुग्ण परस्परांस ओळखतात काय? बहुधा नाही. दोघांनाही ओळखणारा एखादा वैद्य मात्र असू शकतो, आणि त्यांची भेट घडविण्यास औषध लागत नाही.

गुरुमंदिरात दर्शनासाठी दूरदूरचे भाविक कारंज्यात येतात. त्याच गावातील खाटेवरचा माणूस मात्र वर्षानुवर्षे आरतीस गेलेला नसतो, लग्नास नाही, आठवडी बाजारासही नाही. लोक त्यास टाळतात असे नाही. उंबरा त्यास अडवितो. चाकाच्या खुर्चीस दार सुमारे ३२ इंच रुंद लागते. उताराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीस सहा फूट लांब उतार. गावचा गवंडी हे एका दिवसात करतो, त्यास माप मात्र कोणी सांगावे लागते. काळ्या मातीचा पावसाळी चिखल हा निराळा शत्रू आहे. अंगणात फरशीची पट्टी केल्याविना खुर्ची घरातच अडकते. दुसरा उंबरा उत्पन्नाचा. शिलाई, मोबाइल दुरुस्ती, किराणा, पिठाची गिरणी, शेताचा हिशेब अशी कामे बसून होतात. पती-पत्नीच्या सहजीवनाविषयी व अपत्याविषयी तर रुग्ण विचारीतच नाही. वैद्याने आपण होऊन विषय काढावा, कारण दोन्ही शक्य आहेत आणि त्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला मिळतो.

शासकीय बाजूने, २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती आले, की पुढील दारे उघडतात. एस. टी. प्रवासात सवलत आहे. ग्रामपंचायत, नगरपरिषद व जिल्हा परिषदेने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी मागणारा नसला, की पडून राहतो. उतारासाठी किंवा खुर्चीसाठी अर्ज लिहून देणे हे चिकित्सापत्रक लिहिण्याइतकेच सोपे आहे.

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. १२ व १४ क्रमांकाच्या साध्या मूत्रनळ्या, जेली, मूत्रपिशव्या व हातमोजे यांचा थोडा साठा नेहमी ठेवावा. नळी संपली म्हणून रुग्णाच्या मुलास अकोल्याची बस धरावी लागू नये. हवेची गादी व चाकाची खुर्ची भाड्याने देण्याची सोयही दोन-तीन दुकानांनी मिळून करता येईल. खुर्ची देताना बैठकीची उशी सोबत द्यावी, आणि हवेच्या गादीचा पंप वीज गेल्यावर किती वेळ टिकतो ते आधी पाहून घ्यावे.