घराच्या आराखड्यात पाण्याची वाट

नाशिक जिल्ह्यातील कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या चार तालुक्यांचा परिसर ‘कसमादे’ या नावाने ओळखला जातो. त्यातील देवळा तालुका पर्जन्यछायेत मोडतो. या भागातील जुन्या धाब्याच्या घरांत पाण्याची व्यवस्था साधी असे. विहिरीवरून आणलेले पाणी रांजणात भरावयाचे आणि वापरलेले पाणी मोरीतून बाहेर सोडावयाचे. आता घरात नळ, न्हाणीघर व शौचालय आले आहे. तथापि, भिंती उभ्या राहिल्यावरच नळकारागिरास बोलावण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. मग नव्या भिंती फोडाव्या लागतात, ओल येते आणि सांडपाणी रस्त्यावर वाहते. हे टाळावयाचे असल्यास नळांचा आराखडा पायाभरणीपूर्वीच तयार झाला पाहिजे.

गरजेचा हिशेब

सन 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज किमान 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. या प्रमाणाने पाच माणसांच्या कुटुंबास रोज 275 लिटर पाणी लागते. पाणी एक दिवसाआड येत असेल तर किमान 550 लिटर साठा हवा. 1,000 लिटरची टाकी भरली म्हणजे केवळ पाण्याचेच वजन एक टन होते. म्हणून तिची जागा खांबांवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीवर आधीच निश्चित करावी.

टाकी व तोटी यांच्या उंचीतील फरकावर पाण्याचा दाब अवलंबून असतो. 10 मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम दाब मिळतो. टाकी तोटीपेक्षा 3 मीटर उंच असेल तर हा दाब 0.3 किलोग्रॅमच राहतो. अशा वेळी नळाची वळणे कमी व व्यास पुरेसा ठेवणे अगत्याचे ठरते. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय यांच्या ओल्या भिंती एकमेकींजवळ असल्यास नळांची लांबी व खर्च दोन्ही घटतात.

जोत्याची उंची व उतार

मैलापाण्याच्या 100 मिलिमीटर व्यासाच्या नळास प्रत्येक मीटरला सुमारे 2 सेंटीमीटर उतार द्यावा. शोषखड्डा 6 मीटर दूर असेल तर नळ 12 सेंटीमीटर खाली उतरतो. जोते ठेंगणे राहिले तर हा उतार साधत नाही व नळ वारंवार तुंबतो. मागाहून जोते उचलता येत नाही.

येथील खडक काळा बेसाल्ट असून भूजल त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. याच भेगांतून मैलापाणीही विहिरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून शौचालयाचा खड्डा विहीर किंवा विंधनविहिरीपासून किमान 10 मीटर दूर ठेवावा. भेगाळ खडकात हे अंतर आणखी वाढवावे. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे बंद ठेवल्यास त्यातील मैल्याचे खत होते. मोरी व न्हाणीचे पाणी स्वतंत्र नळाने परसबागेस किंवा निराळ्या शोषखड्ड्यास द्यावे.

पिण्याच्या पाण्याचा नळ गटारीतून कधीही नेऊ नये. पुरवठा बंद झाला की नळातील दाब उतरतो आणि लहानशा छिद्रातूनही बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. हाच नळ मैलानळापासून दूर व त्याच्या वरच्या पातळीवर टाकावा.

कामाचा क्रम

स्लॅब ओतण्यापूर्वी नळांच्या जागी मोकळ्या नळ्या बसवाव्यात. तुळई किंवा खांब मागाहून फोडू नयेत. गिलाव्यापूर्वी नळांत दाबाने पाणी भरून गळती तपासावी. झाकल्या जाणाऱ्या नळांची मापे कागदावर टिपून ठेवावीत. जुन्या मातीच्या घराची दुरुस्ती करताना भिंतीत खाचा पाडण्याऐवजी नळ भिंतीच्या बाहेरून न्यावेत. त्यामुळे भिंत कमकुवत होत नाही आणि गळती तत्काळ दिसते.

पंचायतीचे कार्य

बांधकामाच्या नकाशासोबत टाकी, नळ व शोषखड्डा यांचे रेखाचित्र पाहण्याचा पायंडा ग्रामपंचायतींनी पाडावा. शिक्षकांना हा विषय गणिताच्या तासाला घेता येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. अर्थात 50 चौरस मीटर छपरावर 500 मिलिमीटर पावसात 25,000 लिटर पाणी पडते. हे पाणी साठविण्यासाठी पन्हळ व नळ यांची जागाही आराखड्यातच राखून ठेवावी. पाण्याच्या टंचाईशी परिचित असलेल्या तालुक्यात नव्या घराने आपल्या वाट्याचे पाणी जपावे आणि शेजाऱ्याची विहीर निर्मळ ठेवावी, यातच या नियोजनाचे सार्थक आहे.