मुरमातली चकाकी

बीड जिल्ह्यात विहीर खणणं हे दर उन्हाळ्याचं काम. पाऊस दगा देतो, पाणी खाली जातं आणि शिवारात यारी उभी राहते. काळी माती संपली की मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. वर आलेल्या ढिगाऱ्यात एखादा दगड उन्हात असा लखलखतो की काम थांबतं. "सोनं तर नसंल?" हे कुणीतरी बोलतंच. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सलग दोन हंगाम गेलेल्या घरात तो मनापासून विचारलेला असतो. त्याचं उत्तर घरच्या घरी, अर्ध्या तासात मिळू शकतं.

आधी आपला खडक ओळखूया. पाटोद्याच्या डोंगरातून मांजरा निघते, सिंदफणाही तिथूनच. अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी कोरली तोही हाच दगड, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि जवळजवळ सगळा मराठवाडा त्याखाली झाकला गेला. थर किती जाड? सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. गारगोटी, कॅल्साइट, आणि झिओलाइट कुळातले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. स्टिल्बाइटवर मोत्यासारखी झाक असते. त्यावर लोहाचा पिवळा-तांबूस डाग बसला की तिरप्या उन्हात तो सोनेरी दिसतो. बीडच्या विहिरीतलं 'सोनं' बहुतेक वेळा हेच असतं. खरं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं ते प्रसिद्ध खोटं सोनं, आपल्या बेसॉल्टमध्ये क्वचितच भेटतं.

मग सोनं असतं कुठे? फार जुन्या खडकांत. जमिनीच्या पोटातलं तापलेलं पाणी भेगांतून वर चढलं, गार होताना गारेच्या शिरा मागे ठेवत गेलं आणि त्यांत सोन्याचे कण बसले. महाराष्ट्रात अशा खुणा पूर्वेकडे आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या परसोडीचं नाव भूवैज्ञानिकांच्या अहवालांत वारंवार येतं. आपल्याला जवळची खाण मात्र रायचूर जिल्ह्यातली हट्टी. बीड आणि रायचूर दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते, एकाच सरकारचा सारा भरत होते. तिथले खडक अडीच अब्ज वर्षांच्या घरातले, म्हणजे आपल्या बेसॉल्टच्या जवळजवळ चाळीसपट जुने. त्याच भागात १९१५ साली सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंग्रज अभियंत्याला मस्कीचा शिलालेख सापडला. शिलालेखांतला 'देवानांपिय' म्हणजे सम्राट अशोकच, हे त्या लेखातल्या नावामुळे पक्कं झालं. सोनं शोधायला गेलेल्या माणसानं सम्राटाचं नाव शोधून आणलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हट्टीच्या दगडात सोनं निघतं ते टनामागे काही ग्रॅम, आणि बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही. जे भपकन चमकतं ते तिथेही गंधकी खनिजच असतं.

आता पारख. दगड हातात घ्या आणि सावलीत फिरवा. सोनं ऊन असो वा सावली, सारखंच पिवळं दिसतं. पायराइट, अभ्रक, स्टिल्बाइट यांची चमक कोनावर अवलंबून असते. दगड वळवला की ती पेटते आणि विझते. चौकोनी फासे दिसले आणि त्यांच्या बाजूंवर समांतर बारीक रेघा असल्या, तर ते पायराइट.

मग सुई घ्या. चमकणाऱ्या कणाला टोचा. सोनं मऊ असतं, सुईनं त्यात खड्डा पडतो, कण फुटत नाही. अभ्रकाचा पापुद्रा सुटतो. पायराइट पोलादाहून कठीण, त्यावर सुई घसरते. तोच कण लोखंडी खलबत्त्यात ठेचलात तर सोनं चपटं होतं, पायराइटची काळी भुकटी होते आणि गारगोटी-कॅल्साइटची पांढरी. माझ्या मते दुसरं काही जमलं नाही तरी ही एक परीक्षा करावीच.

कसाची रेघही घरी ओढता येते. चहाच्या चिनी मातीच्या कपाला बुडाशी बिनचकाकीची खरखरीत कड असते. त्यावर दगड घासा. सोन्याची रेघ पिवळीधमक उमटते, पायराइटची हिरवट काळी. रसशास्त्रातलं सुवर्णमाक्षिक, म्हणजे तांबं-लोह-गंधकाचं खनिज, रंगानं सोन्याच्या आणखी जवळ जातं आणि सुईनं ओरखडतंही, पण रेघ तेही हिरवट काळीच सोडतं.

तुकडा सुटा असेल तर सराफाच्या काट्यावर वजन करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून पुन्हा करा. ५० ग्रॅमचा तुकडा शुद्ध सोन्याचा असेल तर पाण्यात वजन जेमतेम २.६ ग्रॅमनं घटेल. पायराइट १० ग्रॅमनं घटेल, गारगोटी जवळजवळ १९नं. या आकड्यांना चमकदमक फसवू शकत नाही. गारेत रुतलेल्या बारीक कणाला मात्र ही परीक्षा लागू नाही.

दगड चुलीत घालून तापवू नका. गंधकाचा धूर छातीत जातो आणि काही खनिजांत आर्सेनिकही असतं. तेजाबाची परीक्षा सराफाच्या हातीच राहू द्या.

भल्याभल्यांची फसगत झाली आहे. १५७६ मध्ये मार्टिन फ्रोबिशर कॅनडाच्या उत्तर भागातून एक काळा दगड घेऊन लंडनला आला. आधीच्या पारख्यांनी सोनं नाही म्हणून सांगितलं. शेवटी एकानं आहे म्हटलं आणि सगळ्यांनी त्याचंच ऐकलं. १५७८ मध्ये १५ जहाजं गेली, हजार टनांहून जास्त दगड आला, आणि सोनं निघालं नाही म्हणून तो रस्त्यावर खडी म्हणून पडला.

आपल्याकडे ही चूक वेगळ्या वाटेनं महागात पडते. खोदकामात सोनं सापडलंय, स्वस्तात देतो, असं सांगून पितळेचे मणी गळ्यात मारणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या नेहमी येतात. सुरुवातीला दाखवलेला एखादा मणी खरा असतो, घात तिथेच होतो. गुप्तधन काढून देतो म्हणणारे भोंदूही असेच. त्यांच्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलिसांत जायला लाजू नये.

आणि विहिरीत स्फटिकांनी भरलेली पोकळी लागली तर ती फोडू नका. दख्खनच्या झिओलाइटचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट बघायला संग्राहक आसुसलेले असतात. जमिनीतल्या खनिजावर पहिला हक्क सरकारचा, हेही लक्षात असू द्या. नमुना कापडात गुंडाळा, आम्लानं धुऊ नका, किती फुटांवर आणि कोणत्या थरात सापडला ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. बीडला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात भूवैज्ञानिक असतात, जिल्हाधिकारी कार्यालयात खनिकर्म अधिकारी. खोलीची चिठ्ठी सोबत असली तर नमुन्याबरोबरच विहिरीला पाणी लागण्याबद्दलही विचारता येईल, कारण त्या पोकळ्यांचा थर आणि पाण्याचा थर पुष्कळदा एकमेकांना लागून असतात.